सीटी नॉर्मल आलाय, तरी एमआरआय कशाला? (मिनी स्ट्रोकनंतरचं स्कॅनिंग)

कृष्णाकाठची_सून | मंगळवार, सकाळी १०.०५

नमस्कार मंडळी. आजवर नुसती वाचतच होते, गरज पडली म्हणून धागा काढतेय.

सासरे (आम्ही त्यांना दादा म्हणतो), वय ६७, कराडजवळ गावी असतात. साखर आहे, बीपीची गोळी चालू आहे. काल सकाळी चहा पिताना उजव्या हातातली कपबशी निसटली. उचलायला गेले तर बोटं ऐकेनात. सासूबाईंनी विचारलं तर बोलणं बोबडं, शब्दच सापडेना. वीसेक मिनिटांत सगळं पूर्ववत. "पित्त झालंय" म्हणून दादा रानात निघालेसुद्धा होते! दिरांनी बळंच गाडीत घालून तालुक्याला नेलं. बीपी १६८/९४. सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टीआयए आहे, म्हणजे मिनी स्ट्रोक. गोळ्या सुरू केल्या आणि मेंदूचा एमआरआय व मानेच्या शिरांची अँजिओग्राफी ताबडतोब करून घ्या असं लिहून दिलं.

आता घरात दोन तट पडलेत. थोरले चुलते म्हणतात, सीटी नॉर्मल आहे, माणूस ठणठणीत आहे, कशाला दवाखान्याची भर करायची? शिवाय पुढच्या सोमवारी घरी पूजा आहे, ती झाली की बघू. माझे प्रश्न दोन. पुढे मोठा झटका येणार की नाही हे एमआरआयवरून खरंच कळतं का? आणि आठवडाभर थांबलं तर चालेल का?

तिखटमीठ | मंगळवार, सकाळी १०.२०

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. पूजा पुढे ढकला.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी १०.४१

आमच्याकडे एका नातेवाइकांना चक्कर आली तर मेंदूपासून पोटापर्यंत सगळं स्कॅन केलं, बिल पन्नास हजारांच्या वर, निदान 'गॅसेस'. दवाखान्याचं नाव घेत नाही, घ्यायचं कारणही नाही, सगळीकडे तीच गत. तेव्हा 'लगेच एमआरआय' म्हटलं की मी आधी खिसा चाचपतो. या धाग्यावर कुणी जाणकार असतील तर एवढंच सांगावं: एमआरआयने उपचारात काय फरक पडतो? गोळ्या तर सुरू झाल्याच आहेत.

अंधारखोली | मंगळवार, सकाळी ११.१५

मी रेडिओलॉजिस्ट आहे, दिवसभर अंधारात बसून हेच बघत असते, म्हणून सविस्तर लिहिते. (नेहमीची पाटी: हा धागा म्हणजे तुमच्या डॉक्टरांना पर्याय नव्हे.)

आधी सीटीचं. अशा वेळी सीटी मुख्यतः रक्तस्राव नाही ना हे बघायला काढतात. मेंदूत रक्त सांडलेलं असेल तर ते सीटीवर लगेच दिसतं आणि मग रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या देता येत नाहीत. रक्तपुरवठा तुटून मेंदूचा ज्वारीएवढा भाग गेला असेल तर तो मात्र पहिल्या दिवशी सीटीवर सहसा दिसतच नाही. त्यामुळे टीआयएत सीटी नॉर्मल येणं हे ठरलेलंच. त्याचा अर्थ 'रक्तस्राव नाही' एवढाच घ्यायचा. 'काही झालं नाही' असा घेतला की घोटाळा होतो.

एमआरआयमध्ये डिफ्यूजन नावाचा एक सीक्वेन्स, म्हणजे फोटो काढायची एक पद्धत, असतो. पेशींमधलं पाणी किती मोकळेपणाने हलतंय ते तो मोजतो. पेशीला रक्त मिळेनासं झालं की तिचे पंप बंद पडतात, बाहेरचं पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि पाण्याची हालचाल अडते. तो भाग पडद्यावर पांढराशुभ्र उठतो. हे काही मिनिटांत ते तासाभरात दिसू लागतं आणि साधारण दहा ते चौदा दिवसांत फिकं पडत जातं. टीआयएतले ठिपके बारीक असतात, ते त्याआधीही पुसट होऊ शकतात. दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या एमआरआयवर जुना व्रण दिसला तर दिसला, पण तो कालचा की पाच वर्षांपूर्वीचा हे सांगणं अवघड. पूजेनंतर नको, ते याचसाठी.

आणि गंमत बघा. लक्षणं २४ तासांच्या आत गेली की टीआयए, ही जुनी व्याख्या. तसे रुग्ण डिफ्यूजनखाली घातले तर साधारण तिघांत एकाला ठिपका सापडतो. म्हणजे माणूस बरा झालेला असतो, पण मेंदूचा तुकडा गेलेला असतो. म्हणून २००९ साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने व्याख्याच बदलली: किती वेळ टिकलं हे बघायचं नाही, ऊतीला इजा झाली का ते बघायचं. ठिपका असेल तर तो स्ट्रोकच, भले लक्षणं दहा मिनिटांत गेलेली असोत.

हिशेबनीस | मंगळवार, सकाळी ११.३०

हे नामकरण झालं. ठिपका असला की धोका किती वाढतो, तो आकडा सांगा.

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी १.१०

न्यूरॉलॉजीचं शिक्षण चालू आहे. ड्युटी संपली, जेवता जेवता लिहितोय.

आकडा आहे. जगभरातल्या अनेक केंद्रांतल्या साडेचार हजारांवर रुग्णांची माहिती एकत्र करून २०११ मध्ये छापली गेली. ठिपका असलेल्यांपैकी ७.१ टक्के लोकांना सात दिवसांत स्ट्रोक आला. ठिपका नसलेल्यांत हेच प्रमाण ०.४ टक्के.

आता स्कॅनशिवायचा हिशेब. त्यासाठी एबीसीडी-टू नावाची गुणपत्रिका आहे, २००७ ची. वय ६० किंवा जास्त: १. बीपी १४०/९० किंवा वर: १. एका बाजूची कमजोरी: २ (नुसतं बोलणं गेलं असेल तर १). एक तास किंवा जास्त टिकलं: २, दहा मिनिटं ते तास: १. मधुमेह: १. एकूण ७. दादांचे वय, बीपी, हात, वीस मिनिटं आणि साखर धरून ६ होतात. मूळ अभ्यासात ६-७ गुणवाल्यांपैकी ८.१ टक्के लोकांना दोन दिवसांत स्ट्रोक आला होता, ०-३ वाल्यांपैकी १ टक्क्याला. ताई, घाबरवायला सांगत नाही, पण दोन दिवस हा शब्द वाचा. कॅलिफोर्नियातल्या इमर्जन्सी विभागांतल्या १७०७ टीआयए रुग्णांचा २००० सालचा एक गाजलेला अभ्यास आहे. तीन महिन्यांत १०.५ टक्क्यांना स्ट्रोक, आणि त्यातले निम्मे पहिल्या दोन दिवसांतच.

ही गुणपत्रिका सोपी आहे, पण आंधळी आहे. मानेतली शीर तुंबलीय का, हृदयाचे ठोके अनियमित आहेत का, तिला ठाऊक नसतं. म्हणून पुढे एबीसीडी-थ्री-आय आली, त्यात डिफ्यूजनवरच्या ठिपक्याला २ आणि मानेतल्या शिरेच्या त्याच बाजूच्या निम्म्याहून जास्त अरुंदपणाला आणखी २ गुण. उलट बाजूही खरी: कॅनडातल्या डॉक्टरांनी कमी जोखमीची समजली जाणारी लक्षणं असलेले, म्हणजे नुसती बधिरता, चक्कर वगैरे, १०२८ रुग्ण घेऊन सगळ्यांचा एमआरआय केला. १३.५ टक्क्यांत ठिपका निघाला. गुणपत्रिकेवर विसंबले असते तर हे सगळे घरी गेले असते.

फणसपोळी | मंगळवार, दुपारी २.०२

माफ करा, मध्येच विचारते. माझ्या आत्याला मागच्या वर्षी अचानक काही आठवेना. 'मी इथे कशी आले' हे दर दोन मिनिटांनी विचारत होती, तासाभराने ठीक झाली. एमआरआयमध्ये ठिपका निघाला आणि आम्ही हादरलो. पण डॉक्टर म्हणाले काळजीचं नाही. वरचं वाचून आता परत धडधडायला लागलंय.

अंधारखोली | मंगळवार, दुपारी २.२५

फणसपोळी, तुमच्या डॉक्टरांनी बरोबर सांगितलं असावं. तात्पुरता संपूर्ण स्मृतिभ्रंश हा वेगळाच प्रकार आहे. त्यात हिपोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या आठवणी साठवणाऱ्या भागात, टाचणीच्या टोकाएवढा ठिपका एक ते तीन दिवसांच्या दरम्यान दिसतो आणि त्याने स्ट्रोकचा धोका वाढतो असं मानत नाहीत. ठिपका कुठे आहे, किती आहेत आणि कुणात आहेत हे सगळं एकत्र वाचावं लागतं.

हेच जरा फोडून सांगते, कारण रिपोर्ट हातात आला की घरात तो आधी गूगलमध्ये वाचला जातो. ठिपके एकाच शिरेच्या टापूत, मेंदूच्या सालीवर विखुरलेले असतील तर गुठळ्यांचा चुरा वर मानेतून आलाय असा संशय घ्यायचा. डावीकडे, उजवीकडे आणि मागे सगळीकडे असतील तर हृदयाकडे बघायचं. खोल आत एकच बारका असेल तर बीपी-साखरेने खराब झालेली बारीक नळी. ठिपका दिसला की त्याचा पत्ता शोधायचा, आमचं खरं काम तेच. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या २१ देशांतल्या ४७८९ टीआयए व किरकोळ स्ट्रोकच्या रुग्णांच्या नोंदणीत एकाहून जास्त ठिपके असणं, मोठ्या शिरेत चरबीचा थर असणं आणि गुणपत्रिकेत ६-७ असणं, या प्रत्येकाने वर्षभरातला धोका दुपटीहून अधिक वाढलेला दिसला.

आणि रिपोर्टमध्ये 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' असं असेल तर ते कालच्या घटनेचं नव्हे. साठीच्या पुढे, बीपी असलेल्या बहुतेकांत थोडंफार असतं. ते वाचून रडारड करू नका. 'अक्यूट इन्फार्क्ट' किंवा 'रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन' हे शब्द शोधा.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ३.००

७.१ टक्के म्हणजे शंभरात त्र्याण्णव जणांना ठिपका असूनही आठवड्यात काही होत नाही. याला भविष्य सांगणं म्हणायचं? आणि माझा मूळ प्रश्न तसाच आहे. गोळ्या त्याच, मग फोटो कशाला?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी ३.४०

पहिला मुद्दा मान्य. एका माणसापुरतं 'येणार' की 'नाही येणार' हे कुठलंच स्कॅन सांगत नाही. आणि त्या त्र्याण्णवांतल्या बहुतेकांवर उपचार चालू होते हेही धरा. ऑक्सफर्डमधल्या, २००७ साली छापलेल्या एक्सप्रेस अभ्यासात टीआयएच्या रुग्णांना त्याच दिवशी तपासून लगेच उपचार सुरू केले, तर तीन महिन्यांतला स्ट्रोकचा धोका १०.३ वरून २.१ टक्क्यांवर आला. औषधं जुनीच होती, फक्त आठवड्यांऐवजी दिवसाभरात मिळाली.

दुसरा मुद्दा मान्य नाही. गोळ्या त्याच नसतात.

एक, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही एकत्र द्यायच्या का आणि किती दिवस. चीनमधल्या ५१७० रुग्णांच्या चान्स चाचणीत (२०१३) पहिले २१ दिवस दोन्ही दिल्यावर तीन महिन्यांत स्ट्रोक ८.२ टक्क्यांना आला, नुसत्या अॅस्पिरिनवर ११.७. पण मुख्यतः अमेरिकेत झालेल्या पॉइंट चाचणीत दोन्ही गोळ्या ९० दिवस चालवल्या तर मोठ्या रक्तस्रावाचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं, ०.४ वरून ०.९ टक्के. म्हणून तीन आठवड्यांनी एक गोळी बंद करायची असते. गावाकडे ती वर्षानुवर्षं चालूच राहते, कारण बंद करा असं कुणी सांगितलेलंच नसतं. ताई, कागदावर तारीख लिहून घ्या.

दोन, एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) निघालं तर गोळीचा वर्गच बदलतो.

तीन, मान. मेंदूचा एमआरआय म्हणजे रानातलं वाळलेलं पीक बघणं. पाणी कुठे अडलंय ते पाटाच्या कडेने चालत गेल्याशिवाय कळत नाही, म्हणून अँजिओग्राफी. उत्तर अमेरिकेतल्या १९९१ च्या नॅसेट चाचणीत कॅरोटिड (मानेतून मेंदूला रक्त नेणारी) शीर ७० ते ९९ टक्के बंद असलेल्या, लक्षणं येऊन गेलेल्या रुग्णांची शीर उघडून आतला थर काढला, तर दोन वर्षांत त्या बाजूच्या स्ट्रोकचं प्रमाण २६ वरून ९ टक्क्यांवर आलं. हा फायदा पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त, पुढे झपाट्याने घटतो. गोळ्या चालू आहेत म्हणून मान बघायची नाही, हे कुठल्या हिशेबात बसतं?

लीड्सकर | मंगळवार, दुपारी ४.१५

इकडचा, इंग्लंडमधला अनुभव. गेल्या हिवाळ्यात बायकोचा डावा हात दहा मिनिटं बधिर झाला. जीपीने (फॅमिली डॉक्टरने) फोनवरच ३०० मिलिग्रॅम अॅस्पिरिन घ्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी टीआयए क्लिनिकला पाठवलं. डॉक्टरांसाठी नियमावली काढणाऱ्या इथल्या नाइस संस्थेने २०१९ पासून एबीसीडी-टूच्या गुणांवरून 'तातडीचा, बिनतातडीचा' अशी वर्गवारी करू नका असं सांगितलंय. सगळ्यांनाच २४ तासांत तज्ज्ञाने बघायचं. मला आश्चर्य वाटलं ते पुढचं: सीटी सरसकट काढायचाच नाही, दुसरा काही संशय असेल तरच. आधी न्यूरॉलॉजिस्ट बोलणार, मग गरज वाटली तर एमआरआय, डिफ्यूजन आणि रक्त दाखवणाऱ्या सीक्वेन्ससकट. बायकोचा एमआरआय स्वच्छ आला. निदान बदलून मायग्रेन झालं आणि अॅस्पिरिनही बंद. म्हणजे एमआरआयने औषध कमीही होतं, हिशेबनीस!

जाता जाता, टीआयए झाला तर इथे महिनाभर गाडी चालवायला बंदी असते. आपल्याकडे लोक दुसऱ्या दिवशी बुलेटवर.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी ४.३२

औषध कमी झालं हे ऐकून बरं वाटलं. फुल बॉडी पॅकेजबद्दलचं माझं मत मात्र तेच.

अंधारखोली | मंगळवार, दुपारी ४.५०

त्यावर आपलं एकमत. लक्षण नसताना हौसेने काढलेल्या एमआरआयच्या मी पूर्ण विरोधात आहे. नको ते सापडतं आणि माणूस झोप गमावतो.

लीड्सकरांनी 'रक्त दाखवणारा सीक्वेन्स' म्हटलं ते महत्त्वाचं आहे. वयस्कर लोकांत कधीकधी मुंग्या बोटांपासून चढत चढत तोंडापर्यंत जातात, काही मिनिटांत, आणि हे पुन्हा पुन्हा होतं. अगदी टीआयएसारखं. त्या सीक्वेन्सवर (एसडब्ल्यूआय) बघितलं तर मेंदूच्या सालीवर जुनं-नवं रक्त. अशा माणसाला टीआयए समजून दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दिल्या तर काय होईल, सांगायला नको.

तिखटमीठ | मंगळवार, सायंकाळी ६.०५

डिफ्यूजन निगेटिव्ह आलं तर निश्चिंत?

रात्रपाळी | मंगळवार, सायंकाळी ६.५०

नाही. लक्षणं कायम राहिलेल्या खऱ्या स्ट्रोकमध्येसुद्धा साधारण शंभरात सात वेळा डिफ्यूजन कोरं येतं, मेंदूच्या मागच्या भागात जास्त वेळा. निगेटिव्ह असेल आणि शिराही स्वच्छ असतील तर धोका बराच उतरतो. पण शीर ८० टक्के तुंबलेली आणि मेंदू स्वच्छ असेल तर तो माणूस काठावर आहे.

कृष्णाकाठची_सून | बुधवार, रात्री ९.२०

सगळ्यांचे आभार. काल संध्याकाळीच दिरांना हा धागा वाचून दाखवला. त्यांनी चुलत्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण आज सकाळी निघालो. दादांना मशीनच्या ठकठकीचा भयंकर राग आला, "पाटाचं इंजिन परवडलं" म्हणे.

रिपोर्ट: डाव्या मेंदूच्या सालीवर तीन-चार बारीक ठिपके, रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन. मानेतली डावी कॅरोटिड साधारण ७५ टक्के अरुंद. ईसीजी ठीक, होल्टर (सतत ठोके नोंदवणारं यंत्र) लावलाय. डॉक्टरांनी अॅडमिट करून घेतलंय. ऑपरेशन की स्टेंट यावर उद्या सर्जनशी बोलायचंय. काय विचारू?

रात्रपाळी | बुधवार, रात्री १०.१०

उजवा हात, बोलणं, डावा मेंदू, डावी शीर: सगळं जुळतंय. चार प्रश्न विचारा. तुमच्या हातून वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? तुमच्या रुग्णांत ऑपरेशनदरम्यान किंवा त्यानंतर महिनाभरात स्ट्रोक किंवा मृत्यू किती टक्के? दोन आठवड्यांच्या आत होईल का? आणि स्टेंट सुचवत असतील तर का? २०१० च्या क्रेस्ट चाचणीत दोन्हींचा एकूण निकाल जवळपास सारखाच होता. स्टेंटमध्ये स्ट्रोक जास्त, शस्त्रक्रियेत हृदयविकाराचा झटका जास्त. सत्तरीच्या आसपास आणि पुढे शस्त्रक्रियेचं पारडं जड होत जातं. दादांचं हृदय कसं आहे त्यावर बरंच ठरेल, तेव्हा टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झालाय का तेही बघा.

हिशेबनीस | बुधवार, रात्री १०.२५

ताई, खर्चाचं मी बघतो म्हणण्याइतका मोठा नाही, पण महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतंय का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आजच विचारा, ऑपरेशन झाल्यावर नको. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

फणसपोळी | बुधवार, रात्री १०.४०

अजून एक, अडाणी वाटला तरी. बाबांना जुना पेसमेकर आहे आणि क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनी कमजोर. त्यांना कधी असं झालं तर ना एमआरआय, ना रंग टाकून सीटी. मग?

अंधारखोली | गुरुवार, सकाळी ८.१५

अडाणी नाही, आमच्याकडे रोज येणारा प्रश्न आहे. पेसमेकरचं कार्ड शोधून ठेवा, मॉडेल त्यावर असतं. बरेच नवे पेसमेकर एमआरआयला चालतात, स्कॅनआधी फक्त सेटिंग बदलावं लागतं. जुन्याचं तुमच्या कार्डिऑलॉजिस्टना विचारा. मानेसाठी डॉपलर आहे, सोनोग्राफीसारखाच, रंग नाही, मॅग्नेट नाही. डॉपलरला कवटीच्या आतल्या शिरा नीट दिसत नाहीत, आणि आपल्याकडे आतल्या शिरांत थर साचण्याचं प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त आहे, ही त्याची मर्यादा. एमआरआय चालत असेल तर टाइम ऑफ फ्लाइट पद्धतीने शिरा रंगाशिवायही दिसतात. आणि खरंच काही झालं तर किडनी सांभाळून सीटी अँजिओ करायचा की नाही हे त्या वेळी डॉक्टर ठरवतील. क्रिएटिनिन वाढलंय म्हणून तुम्ही घरीच नाही म्हणू नका. शेवटचा रिपोर्ट कार्डासोबत एकाच पाकिटात ठेवा.